हाताने वस्तू उचलायच्या? आधी चिमूट पक्की करा

तुम्ही बनवत असलेल्या व्हीआर (आभासी जगाच्या) ॲपमधला कप हातातून सारखा निसटतोय म्हणून नाउमेद होऊ नका, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं. क्वेस्टसारख्या, डोळ्यांवर लावायच्या व्हीआर हेडसेटचे कॅमेरे हात बघतात आणि ओपनएक्सआर या व्हीआरसाठीच्या सामायिक मानकातून प्रत्येक हाताचे, म्हणजे सांधे, टोकं वगैरेंचे, २६ बिंदू मिळतात. एवढं हाताशी आलं की हाताच्या दहा खुणा एकदम वापराव्याशा वाटतात. ते नको. अंगठा आणि तर्जनीची चिमूट, सध्या एवढंच.

नवखे अडकतात ते इथे: पकडायला आणि सोडायला अंगठा-तर्जनीच्या टोकांमधलं एकच अंतर ठेवतात. बोटं जराशी थरथरली की कप पकडला-सुटला-पकडला असा फडफडतो. दोन सेंटिमीटरवर पकडा, चार झाल्यावरच सोडा. या एका बदलाने माझा कप शांत झाला, आणि त्या संध्याकाळी मी तो नुसता उचलून ठेवत बसलो होतो!

शिवाय:
- पकडताना हात आणि वस्तू यांच्यातलं अंतर नि कोन जपा, नाहीतर वस्तू टुणकन तळहातात उडी मारते.
- वस्तू कोपराच्या उंचीवर ठेवा. खांद्याच्या वर असल्या की दंड लगेच भरून येतात.
- स्पर्श जाणवत नाही, म्हणून पकडल्याक्षणी रंग बदला किंवा ‘टक्’ असा आवाज द्या. हे अजिबात टाळू नका.

खोलीत उजेड हवा. एक हात दुसऱ्यामागे गेला की कॅमेऱ्याला तो दिसत नाही.

दोन हातांनी ताणून मोठं करणं, फेकणं नंतर बघू. आधी कप सलग दहा वेळा बशीत ठेवून दाखवा. निसटलाच तर त्या क्षणी बोटांमधलं अंतर किती होतं ते कळवा.