पारो की चंद्रमुखी? ‘देवदास’वर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बिमल रॉय यांच्या ‘देवदास’मध्ये (१९५५) जास्त सुंदर कोण दिसते, देवदासची बालमैत्रीण पारो झालेली सुचित्रा सेन की कोठ्यावरची नर्तकी चंद्रमुखी झालेली वैजयंतीमाला? आमच्या घरात यावरून दोन तट पडले आहेत.

उत्तर : हा वाद बहुतेक वेळा सिनेमा समोर ठेवून नव्हे, तर फोटो आठवून घातला जातो आणि घोळ तिथेच होतो. जाहिरातीचे फोटो वेगळ्या दिव्यांत, वेगळ्या हेतूने काढलेले असतात. पडद्यावर आपण पाहतो ते चेहरे छायालेखक कमल बोस यांच्या प्रकाशयोजनेतले आहेत, म्हणून तुलना तिथेच व्हायला हवी.

त्याआधी टीव्हीची सेटिंग तपासा. हा सिनेमा जवळपास ४:३ या जुन्या चौकटीत चित्रित झालेला आहे. रुंद टीव्हीवर चित्र ताणून पडदा भरला की प्रत्येक चेहरा एक तृतीयांशाने फुगतो. ताणण्याऐवजी वरून-खालून कापलं तर चित्राचा चौथा हिस्सा जातो. क्लोजअपमध्ये कपाळ आणि हनुवटी, नृत्यात पावलं. यात सुचित्रा सेनचं नुकसान अधिक, कारण तिचं काम मुख्यतः चेहऱ्यावर चालतं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील अशी चौकट ठेवा. संगणकाने रंग भरलेल्या क्लिप तर वादातून बादच करा. कृष्णधवल फिल्ममध्ये गालावरून गळ्याकडे उजेड उतरत जातो आणि राखाडीच्या अनेक छटा दिसतात. रंग भरले की ती उतरण सपाट होते.

एवढं झाल्यावर आमचं मत असं : स्थिर क्लोजअपमध्ये सुचित्रा सेनला तोड नाही. मान किंचित कलती ठेवून, तीन-चतुर्थांश वळलेला चेहरा आणि अर्धवट झुकलेल्या पापण्या ही तिची जागा. पण दोघी चालायला, वळायला, बसायला लागल्या की नजर वैजयंतीमालाकडे जाते. भरतनाट्यमने घडवलेलं ते शरीर आहे. ती नुसती दारात येऊन उभी राहिली तरी तिच्या उभं राहण्याला डौल असतो.

प्रश्न : आणि अभिनयात? दोघींची भूमिका इतकी वेगळी असताना तुलना करायची तरी कशी?

उत्तर : सबंध सिनेमा एका दमात पाहून निकाल देऊ नका. प्रत्येकीचे तीन-तीन प्रसंग निवडा आणि ते दोनदा पाहा : एकदा आवाज बंद करून, एकदा आवाजासकट. आवाज बंद ठेवण्याचं कारण सचिनदेव बर्मन यांचं संगीत. ते इतकं परिणामकारक आहे की दृश्यातला भाव नटीने दिला की वाद्यांनी, हे कळेनासं होतं.

पारोचे प्रसंग : रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते तो, देवदास तिच्या कपाळावर वार करतो तो, आणि लग्नानंतर त्याला भेटते तो. पहिल्या प्रसंगात ती बोलण्याआधी किती थांबते ते बघा. ही मुलगी अब्रू पणाला लावून आली आहे, पण ती गयावया करत नाही. मागणं आहे ते हक्काचं. सुचित्रा सेन हा हक्क मानेच्या ताठपणात ठेवते आणि भीती फक्त डोळ्यांत. घाव बसतो त्या प्रसंगात मात्र आधीचे संवाद महत्त्वाचे आहेत. देवदासला डिवचताना तिच्या चेहऱ्यावर अहंकार नीट उमटला नसता तर तो वार निव्वळ क्रूरपणा वाटला असता. तो अहंकार ती उमटवते, म्हणून दोघांचंही दुःख पटतं. तिची मर्यादा एकच : राग चढत जातो तिथे तिचा आवाज एकाच पट्टीत राहतो. चेहरा पुढे जातो, आवाज मागे पडतो.

चंद्रमुखीचे प्रसंग : देवदास पहिल्यांदा कोठ्यावर येतो आणि पैसे देऊन तिटकाऱ्याने निघून जातो तो, तिने धंदा सोडल्यानंतरची भेट, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर तो तिला सापडतो तो. इथे चेहऱ्याआधी हात पाहा. पहिल्या प्रसंगात हात सतत कामात आहेत, सवयीचे, गिऱ्हाईक रिझवणारे. धंदा सुटल्यावर तेच हात थांबतात. दागिने आणि भरजरी कपडे गेल्यावर नटी उघडी पडते, कारण आता आधाराला काहीच नसतं. वैजयंतीमाला तिथेच सर्वांत चांगली आहे. सुरुवातीच्या भागात तिचे डोळे कधीकधी रंगमंचावरच्या नर्तकीसारखे मोठे बोलतात, कॅमेऱ्याला लागतात त्याहून मोठे. पुढे ते ओसरतं.

सुचित्रा सेनची पारो पहिल्यापासून शेवटपर्यंत एका धातूची आहे, लेखनच तसं आहे. चंद्रमुखीला बदलायचं होतं आणि वैजयंतीमाला ते पायरीपायरीने करते. म्हणून अभिनयात आमचं झुकतं माप तिला.

प्रश्न : वैजयंतीमालाने या सिनेमाचं फिल्मफेअर नाकारलं होतं, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. पुरस्कार सहाय्यक अभिनेत्रीचा होता. आपली भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, सहाय्यक नाही, या कारणाने तिने तो घेतला नाही. त्याच सिनेमासाठी दिलीप कुमार यांना मुख्य आणि मोतीलाल यांना सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला होता. मोतीलाल यांच्या चुन्नीबाबूला, म्हणजे देवदासच्या मित्राला, सहाय्यक म्हणणं बरोबर आहे. चंद्रमुखीला म्हणणं नाही. उत्तरार्ध तिच्याशिवाय उभाच राहत नाही. तिचा नकार आम्हाला पूर्ण पटतो.

प्रश्न : दोघींची मातृभाषा हिंदी नव्हती. उच्चार कोणाचे बरे?

उत्तर : वैजयंतीमालाचे. ती मद्रासहून आली, पण हिंदी शिकून स्वतःच्या आवाजात बोलायची तयारी तिने आधीच्या चित्रपटांपासून केली होती. सुचित्रा सेनचा हा पहिलाच हिंदी चित्रपट, आणि बंगाली वळण ऐकू येतं : ‘अ’ गोलसर होत ‘ओ’कडे झुकतो. पण पारो बंगालमधल्या गावातली मुलगी आहे, त्यामुळे ते खटकत नाही.

प्रश्न : गाण्यांमुळे चंद्रमुखीला फुकटचा फायदा मिळत नाही का?

उत्तर : मिळतो, आणि हा मुद्दा फार कमी जण काढतात. ‘जिसे तू क़ुबूल कर ले’सारखी लता मंगेशकर यांच्या आवाजातली गाणी चंद्रमुखीकडे आहेत. पारोच्या वाट्याला ऐकणं आलं. ‘साजन की हो गई गोरी’ मन्ना डे आणि गीता दत्त यांच्या आवाजात आहे. पडद्यावर ते भटके गायक गातात आणि पारो ऐकते. गाताना नटीला ओठ, हात, ठेका यांचा आधार असतो. ऐकणाऱ्या नटीला काहीच नसतं. सुचित्रा सेनचं मोल मोजायचं असेल तर तिची ही ऐकण्याची दृश्यं जरूर मोजा.

प्रश्न : दोघी एकत्र येतात असा एखादा प्रसंग आहे का?

उत्तर : एकच, आणि तो सिनेमा ज्यावरून केला त्या शरच्चंद्रांच्या कादंबरीत नाही. देवदासच्या शोधात चंद्रमुखी पायी चालली आहे, समोरून पारोची पालखी येते. दोघी एकमेकींकडे पाहतात आणि आपापल्या वाटेने जातात. एकही संवाद नाही. पारोच्या नजरेत कुतूहल आहे, चंद्रमुखीच्या नजरेत अंदाज. एक बसलेली, उंचावर, पडद्याच्या चौकटीत. दुसरी मोकळ्या रस्त्यावर, धुळीत. इथे दोघींनाही ओठ, गाणं, नृत्य काही वापरता येत नाही, म्हणून तुलनेसाठी याहून न्याय्य जागा नाही. आणि इथे आमच्या मते सुचित्रा सेन अर्ध्या पावलाने पुढे आहे.

प्रश्न : दोघींना एकाच प्रकारच्या भूमिकेत पाहायचं असेल तर?

उत्तर : वैजयंतीमालाचा ‘साधना’ (१९५८) आणि सुचित्रा सेनचा ‘ममता’ (१९६६) लागोपाठ पाहा. दोन्हींत नायिका कोठ्यावरची आहे. ‘साधना’साठी वैजयंतीमालाला फिल्मफेअरचा मुख्य अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ‘ममता’मध्ये सुचित्रा सेन आई आणि मुलगी अशा दोन्ही भूमिका करते, आईच्या भूमिकेत ती किती कमी हालचाल करते, तेवढं आधी बघा.