कायद्याचं विचारा : नातीच्या एकटीच्या बोलण्यावर कोर्ट विश्वास ठेवेल का?

प्रश्न : माझी नात आठ वर्षांची आहे. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाने तिच्या अंगाला घाणेरडा हात लावला. त्याच दिवशी घरी आल्यावर तिने आधी मला सांगितलं. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघालं नाही. पोलिसांना ती शनिवार म्हणाली, मॅजिस्ट्रेटना सुट्टीचा दिवस म्हणाली. फ्रॉकचा रंगही वेगळा सांगितला. पुढच्या महिन्यात ठाणे कोर्टात तिची साक्ष आहे. माझा मुलगा रोज रात्री तिच्याकडून जबाब पाठ करून घेतो. पोर रडते. एकटीच्या बोलण्यावर कोर्ट विश्वास ठेवेल का? (एक आजी, कळवा)

उत्तर : आजी, ते पाठांतर आज रात्रीपासून बंद करा. मुलाला हे पत्र वाचायला द्या. त्याची तळमळ मला समजते, पण ठाण्याच्या न्यायालयात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांत मी मुलांच्या बाजूने उभी राहते, म्हणून ठामपणे सांगते : लेकराच्या साक्षीला सर्वांत मोठा धोका घरच्या मायेचा असतो. बचावाचे वकील हमखास विचारतात, "हे तुला कोणी सांगायला सांगितलं?" पाठ करून घेतलेलं मूल खरं तेच सांगतं, "बाबांनी." शिवाय पाठ केलेलं वाक्य ओळखू येतं. आठ वर्षांची मुलगी 'लज्जा उत्पन्न होईल असे कृत्य' म्हणाली की न्यायाधीशांना ते कोणाचे शब्द आहेत हे लगेच कळतं. पोक्सोमध्ये जबाब मुलाने सांगितला तसाच, त्याच्या भाषेत लिहून घ्या असं म्हटलंय ते यासाठीच.

आता तुमचा मूळ प्रश्न. हो, एकटीच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. पीडितेच्या बोलण्याला दुसरा पुरावा हवाच, असा कायदा नाही. तिची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तेवढी पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमीत सिंग खटल्यात स्पष्ट सांगितलं, आणि किरकोळ विसंगतींवरून साक्ष फेकून देऊ नका असंही बजावलं. वार कोणता, फ्रॉक कुठला, हे किरकोळ. तो माणूस कोण आणि त्याने काय केलं, हा गाभा. गाभाच दर वेळी बदलत गेला तर मात्र संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, आणि तो मिळायलाही हवा. 'पोक्सोत आरोपीलाच निर्दोषत्व सिद्ध करावं लागतं' असं लोक सर्रास बोलतात. कलम २९ मध्ये आरोपीने गुन्हा केला असं धरून चालायचं गृहीतक आहे, पण घटनेचा पाया सरकार पक्षाने आधी पुराव्याने घालून दिल्यावरच ते लागू होतं.

वैद्यकीय अहवालाने खचू नका. हात लावल्याची खूण अंगावर राहीलच असं नाही, हे न्यायालयाला ठाऊक असतं. कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हाच, हेतू लैंगिक असला की झालं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा उलटा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केलाय.

त्या दिवशी काय होईल तेही सांगते. सुनावणी बंद दालनात होते, आईवडील किंवा मुलीच्या विश्वासातलं माणूस जवळ बसू शकतं. आरोपी तिच्या नजरेसमोर नसावा, अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. न्यायाधीश आधी साधं विचारतील : इयत्ता कोणती, बाई कोण, खोटं बोललं तर काय होतं? प्रश्न समजून ती नीट उत्तर देतेय का, एवढंच त्यातून पाहतात. साक्षीला वयाची किमान अट नाही. वकिलांनी थेट तिला विचारायचं नसतं, न्यायाधीशांमार्फत विचारायचं. दमली तर मधे थांबता येतं, हे तिला जरूर सांगा. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणायचं, हेही सांगा. एवढी तयारी पुरे. बाल कल्याण समितीने सहायक व्यक्ती, म्हणजे खटल्यात मुलीला सोबत करणारं माणूस, दिली असेल तर त्या व्यक्तीबरोबर नातीला कोर्टाची खोली आधी एकदा दाखवून आणा. दिली नसेल तर समितीकडे लेखी मागा.

आणि आजी, एक गोष्ट पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात, ती फार मोलाची आहे. तिने आधी तुम्हाला सांगितलं, त्याच दिवशी. राजस्थानातल्या रामेश्वर खटल्यातही आठ वर्षांच्याच मुलीने काही तासांत आईला सांगितलं होतं. आईची ती साक्ष मुलीच्या म्हणण्याला पुष्टी देणारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्येच मानलं. म्हणजे तुम्ही स्वतः साक्षीदार आहात. पोलिसांनी तुमचा जबाब घेतलाय का, हे पत्रात नाही. नसेल तर याच आठवड्यात सरकारी वकिलांना भेटा. जबाबात तिचे शब्द जसेच्या तसे, बोबडे असले तरी तसेच सांगा. ती काय म्हणाली, कुठे उभी होती, रडली की गप्प होती, एवढंच. तिला आता पुन्हा विचारून खात्री करून घेऊ नका. तुम्हाला जेवढं आठवतं तेवढंच सांगा.