ओबामांच्या शपथविधीला कोणी होतं का? त्यानंतर अमेरिकेत समता आली का?

मी होतो. २० जानेवारी २००९, मंगळवार. तेव्हा मेरीलँडला राहायचो, पहाटेच्या मेट्रोने वॉशिंग्टन गाठलं, नॅशनल मॉलवर, म्हणजे संसद भवनासमोरच्या लांबलचक मैदानावर, एका मोठ्या स्क्रीनसमोर जागा मिळाली, थंडी शून्याच्या खाली, पाय पार बधिर आणि जिकडे बघावं तिकडे माणसंच माणसं.

शेजारी घडीच्या स्टुलावर सत्तरीच्या एक कृष्णवर्णीय बाई होत्या, अलाबामाहून रात्रभर बसने आलेल्या, शाळेत नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. त्यांचे वडील मतदार यादीत नाव लावायला गेले की तिथला कारकून घटनेतलं काहीतरी अवघड विचारायचा आणि परत पाठवायचा, १९६५ चा मतदान हक्क कायदा आला तेव्हा कुठे नाव लागलं. हातमोजा काढून त्यांनी मला दोन बोटं दाखवली. दोनदाच मत दिलं आणि गेले.

बारा वाजले तेव्हा स्टेजवर अजून वादन चालू होतं, शपथ व्हायची होती. बाईंनी मनगटावरचं घड्याळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, झाला तो राष्ट्राध्यक्ष! बरोबरच होतं, घटनेप्रमाणे २० तारखेला दुपारी बाराला नवा कार्यकाळ सुरू होतो. शपथेच्या वेळी सगळा मॉल रडत-ओरडत होता, बाई मात्र एकदम गप्प.

आता समता आली का, तर नाही. ओबामा पदावर असतानाच, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने त्याच मतदान कायद्याचा कणा मोडला, निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची जी सक्ती काही राज्यांवर होती ती गेली, आणि खटला कुठला तर अलाबामातल्याच शेल्बी काउंटीचा. हे वाचलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

आपल्या लोकांना अजून एक सांगावंसं वाटतं. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला १०० जणांचा कोटा होता, तो गेला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि त्यामागे याच नागरी हक्क चळवळीचा रेटा होता. आम्ही फक्त हुशारीवर इथे आलो असं कोणी पार्टीत म्हणालं की मला राहवत नाही, मी हे सांगतोच.

पुढे मी नागरिक झालो. मतदार नोंदणीचा फॉर्म पाच मिनिटांत भरून झाला, कोणी काहीच विचारलं नाही, आणि बाईंची ती दोन बोटं डोळ्यांसमोर आली.