मुलीच्या वहीतला थाळीचा हिशेब

पत्र : "साताऱ्यात हायवेजवळ माझं 12 खोल्यांचं लॉज आणि खाली भोजनालय आहे. 22 वर्षं हा धंदा केला. कोरोनात कंबरडं मोडलं, कर्ज अजून फेडतोय. मुलगी यंदा 63 टक्क्यांनी बारावी कॉमर्स झाली. हॉटेल मॅनेजमेंटच करायचं म्हणून हटून बसली आहे. हा धंदा आता संपलेला आहे. उद्या पुन्हा लॉकडाउन लागला तर? शिवाय मुलीच्या जातीने लोकांची उष्टी काढायची का? तिने बँकेची किंवा एमपीएससीची तयारी करावी असं आम्हा दोघांचं ठरलं आहे. अभ्यास सोडून वहीत काय लिहीत बसते त्याचा फोटो सोबत पाठवतो. आपण तिला चार शब्द समजावून सांगावेत." (एक पालक, सातारा)

दादा, तुमचं पत्र इथे कापून छापलंय. मूळ पत्र चार पानांचं आहे आणि त्यातली तीन पानं 2020 आणि 2021 ची आहेत. मार्चमध्ये शटर ओढलं. आचारी गावी गेला तो परत आलाच नाही. बंद खोल्यांचंही वीजबिल येत राहिलं. जुलैत लॉज उघडायला परवानगी मिळाली तीही 33 टक्के क्षमतेने, म्हणजे तुमच्या बारापैकी चार खोल्या. भोजनालयात माणसं बसवायला ऑक्टोबर उजाडला, आणि जरा घडी बसतेय तोवर एप्रिल 2021 मध्ये पुन्हा कुलूप. हे सगळं तुम्हाला तारीखवार पाठ आहे. मुलीविषयी मात्र साडेसहा ओळी, आणि त्यातही तिचं नाव नाही.

मला काळजी वाटली ती इथे. टक्क्यांचं सोडा, 63 टक्क्यांवर हॉटेल मॅनेजमेंटला कुणी अडवत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढवतात तशी तुम्ही स्वतःची धास्ती पोरीच्या नावावर चढवताय, आणि त्याला करिअरचा सल्ला म्हणताय. धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. बँकेने हप्ते थांबवले तेव्हा व्याज थांबलेलं नव्हतं, हे तुम्हाला सहा महिन्यांनी कळलं. नंतर सरकारी हमीवर जे पैसे मिळाले तेही कर्जच होतं. हे ज्याने भोगलंय त्याला रात्री झोप लागत नसेल तर नवल नाही. पण ती झोप मुलीने बँकेत नोकरी धरल्याने परत येणार आहे का?

आणि ते "उष्टी" प्रकरण. दादा, तुमचं घर 22 वर्षं त्याच ताटांवर चाललंय. हिची शाळा आणि क्लासची फी त्यातूनच गेली. हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर बोलला असाल, आणि बोलला असालच, तर तिने काय ऐकलं असेल? आपल्या वडिलांचं काम हलकं आहे, आणि हे खुद्द वडीलच सांगतायत. मुलीच्या रात्रपाळीची, राहण्याची, येण्याजाण्याची चिंता असेल तर ती रास्त आहे. कॉलेजला आणि ट्रेनिंगच्या हॉटेलला तसे प्रश्न उघड विचारा. पण त्या चिंतेला उष्ट्या ताटाआड लपवू नका.

"आम्हा दोघांचं ठरलं आहे" असं लिहिलंय. दुसरी व्यक्ती म्हणजे तिची आई, असं मी धरते. त्यांचं मत मला चार पानांत कुठे सापडलं नाही. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी एमपीएससी. साथ आली की हॉटेल बंद पडतं, आणि स्पर्धा परीक्षा म्हणजे भक्कम घर, असा तुमचा हिशेब. 2020 ची राज्यसेवा पूर्व परीक्षा एप्रिल 2020 मध्ये व्हायची होती. पुढे ढकलत ढकलत ती झाली 21 मार्च 2021 ला, आणि त्याच महिन्यात ती आणखी एकदा ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली होती. वर्ष गेलं, खोलीभाडं आणि मेसचे पैसे गेले, वय वाढलं ते वेगळंच. साथीला पुरून उरेल असा कोणताच रस्ता मला माहीत नाही. तिला प्रशासनात जायचं असेल तर जरूर जावं. तुम्हाला हॉटेलची भीती वाटते म्हणून तिने जाऊ नये.

आता "धंदा संपला" या समजाकडे वळू, कारण तो तुमच्या एकट्याचा नाही. पुणे-कोल्हापूर पट्ट्यात निम्मे हॉटेलवाले माझ्यासमोर हेच वाक्य बोलतात. ताज हॉटेलं चालवणाऱ्या इंडियन हॉटेल्स कंपनीला 2020-21 या वर्षात 700 कोटींच्या वर तोटा झाला होता. दोनच वर्षांनी, 2022-23 मध्ये, नफा 1,000 कोटींवर गेला. तुम्ही म्हणाल, त्यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यामागे टाटा. बरोबर आहे. पण गिऱ्हाईक कुठून आलं ते बघा. परदेशी पाहुणे तर आटलेच होते. 2019 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 9 लाख आले होते, 2021 मध्ये आले जेमतेम 15 लाख. हॉटेलांना आधी उभं केलं ते आपल्याच माणसांनी, स्वतःच्या गाडीतून, दोन रात्रींसाठी आलेल्यांनी. ती माणसं तुमच्या दारावरूनच जातात, दादा. तुमच्याकडे पूर्वी सोमवार ते गुरुवार औषध कंपन्यांचे एमआर आणि सेल्समन असायचे, म्हणून लॉज भरलेलं असायचं. त्यांचं बरंचसं काम आता फोनवर उरकतं. ते गिऱ्हाईक परत येईल म्हणून तुम्ही पाच वर्षं वाट बघताय, आणि शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालेलं कुटुंब पुढच्या फाट्यावरच्या हॉटेलात उतरतंय. खोली ही अशी वस्तू आहे की आज रात्री विकली नाही तर ती उद्यासाठी शिल्लक राहत नाही. हे तुम्हाला मी काय सांगणार!

एक अनुभव सांगते. गेल्या सप्टेंबरात आम्ही सहाजणी कासला निघालो होतो, मुक्काम साताऱ्यात. लॉजचं नाव सांगत नाही. 2012 मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत तिथे झुंबड असते. सकाळी लवकर पोचलं तरच मजा. साडेसहाला नाश्ता मागितला तर काउंटरवर झोपलेला पोरगा उठून म्हणाला, "किचन नऊला चालू होतं." गिझरच्या बटणावर चिकटपट्टी होती. आम्ही स्टँडसमोर उभ्याने वडापाव खाल्ला आणि गेलो. दुसरी रात्र आम्ही तिथे काढली नाही. त्या मालकाला विचारलं असतं तर त्यानेही सांगितलं असतं, कोरोनानंतर धंदा राहिला नाही.

करांवर तुम्ही अर्धं पान लिहिलंय. त्यातला खोलीभाड्याचा दर जुना आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे, मात्र खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्यात मिळत नाही. तुमचा राग अजून 2022 च्या जुन्या दरावरच आहे, म्हणून हे लिहिलं.

आता वहीचा फोटो. तुम्ही तो तक्रार म्हणून पाठवलात. मी तो मोठा करून करून बघितला. एकाउंट्सच्या वहीचं मागचं पान आहे. वर लिहिलंय "थाळी 140". खाली तांदूळ, डाळ, कणीक, दोन भाज्या, तेल, ताक, पापड, एकेकाचे पैसे ताटागणिक काढलेत. बेरीज 58. गॅस वेगळा, मोठ्या 19 किलोच्या सिलिंडरला किती ताटं निघतात ते मोजून, 9 रुपये. म्हणजे नुसता शिधाच थाळीच्या किमतीच्या 41 टक्के. हॉटेलवाले तो तिशीच्या आसपास राखायला बघतात. आणि तिला ते कुठूनतरी जाणवलंय, कारण समासात चौकट करून लिहिलंय : "भात रोज उरतो, दीड किलो. ताटात एक मूद वाढायची, मागेल त्याला परत." दादा, वर्गात शिकून आलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांना उरलेला भात दिसत नाही.

हे तिला आलं कुठून, तेही तुमच्याच पत्रात आहे. दुसऱ्या लाटेत घरी विलगीकरणात असलेल्यांना तुम्ही डबे दिलेत, "त्यावर निदान गॅस निघाला" असं तुम्ही एका ओळीत उडवून लावलंय. पुढे कंसात आहे : (तेव्हा ही सातवीत, डब्यांवर पत्ते लिहायला बसायची). तुमचा पडता काळ तिने तुमच्याशेजारी बसून पाहिला आणि तरीही तिला याच कामात यायचंय. तिला या धंद्यातली जोखीम माहीत नाही असं तुम्ही कसं म्हणता? उलट मला तुम्हाला विचारायचंय, डबे बंद का केलेत? टेबलं परत लागली त्याच दिवशी. 2020 मध्ये ताजवाल्यांनीही घरपोच जेवणाचं क्यूमिन सुरू केलं. नड म्हणून सुरू झालेलं ते काम त्यांनी हॉटेलं उघडल्यावरही चालू ठेवलं.

परीक्षांचं थोडक्यात. केंद्राच्या संस्थांसाठी एनसीएचएमची, म्हणजे राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेची, जेईई ही प्रवेश परीक्षा (दादरची संस्था त्यातच येते), राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी कक्षाची हॉटेल मॅनेजमेंटची सीईटी. अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. यंदाची तारीख हुकली असेल तर आकाश कोसळत नाही. लाखो रुपये मागणाऱ्या आणि ट्रेनिंग कुठल्या हॉटेलात देतो ते न सांगणाऱ्या खाजगी संस्थेत घाईने पैसे भरू नका. कोर्समध्ये स्वयंपाक एक चतुर्थांश समजा; फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग आणि सर्व्हिस तितकीच येतात, शिवाय हिशेब. पहिली दोन-तीन वर्षं पगार कमी, उभं राहण्याचे तास जास्त, दिवाळी आणि 31 डिसेंबर कामावर. हे तिला कुणीतरी गोड न करता सांगायला हवं. महामारीत काम सोडून गेलेली बरीच शिकलेली माणसं या धंद्यात परत आली नाहीत, त्यामुळे टिकणाऱ्याला वर जायला वाट मोकळी आहे.

तुम्ही मला तिला समजवायला सांगितलंत. मी ते करणार नाही. त्याऐवजी तुम्ही दोन महिने एक काम करा. लॉजची आवकजावक रजिस्टरं असतील, पोलीस बघायला येतात तीच. 2019 चं आणि गेल्या वर्षाचं तिच्या हातात द्या. कोण आलं, कुठून आलं, किती रात्री राहिलं, कोणत्या वारी, याचा तक्ता तिला करू दे. कर्जाचं स्टेटमेंटही द्या, लपवू नका. "तुला काय कळतंय" हे वाक्य तेवढे दोन महिने तोंडात येऊ देऊ नका. एवढं बघूनही तिला यायचं असेल तर अडवू नका. आणि नको म्हणाली तर मग बँकेचं बोलू, तेही तिच्याशी.

आणि शिकून झाल्यावर तिला लगेच तुमच्या काउंटरवर बसवू नका. तीन-चार वर्षं पुण्यात, गोव्यात, कुठेही दुसऱ्याच्या हाताखाली राबू दे. बापाचं कर्ज फेडायला म्हणून ती हा कोर्स मागत असेल, अशीही मला एक शंका आहे. तसं असेल तर तो हट्ट मलाही मान्य नाही. हे तिला विचारा. तुमच्यापेक्षा तिच्या आईने विचारलं तर खरं उत्तर येईल.

पुढचं पत्र तिने स्वतः लिहावं, नावासकट. वहीच्या त्या पानात एक चूक आहे, तीही तिला सांगा. शिधा धरला, गॅस धरला, पण स्वयंपाक करणाऱ्याचा पगार धरलेला नाही. आचारी गेल्यापासून भोजनालयाच्या चुलीपुढे तिची आई आहे, असं तुमच्याच तिसऱ्या पानावर आहे. तो आकडा घालून थाळीचा हिशेब नव्याने मांडायला सांगा आणि मला पाठवा.