शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत थरार कसला? त्या तर संथ चालतात!

वेग पाहाल तर कंटाळाल, डावपेच पाहा. थरार सुरुवातीआधीच सुरू होतो. होड्या रेषेवर थांबून राहत नाहीत, मागे घिरट्या घालतात आणि इशारा होताच पूर्ण वेगात रेषा ओलांडायला बघतात. सेकंदभर आधी ओलांडली तर मागे फिरायचं.

पुढे वारा समोरून असेल तर सरळ जाताच येत नाही, नागमोडी जावं लागतं. डावीकडे वळायचं की उजवीकडे, हा जुगारच. पाण्यावरची गडद सुरकुती म्हणजे तिथे झुळूक आहे. ती आधी दिसली त्याचं फावलं. वारा पाठीमागून असला की गंमत उलटी होते: मागचा आपल्या शिडांनी पुढच्याचा वारा अडवतो. इतर शर्यतींत पुढे असणं म्हणजे फायदाच, इथे धाकधूक!

१९८३ चा अमेरिका चषक, म्हणजे शिडाच्या होड्यांची नावाजलेली स्पर्धा, घ्या. अमेरिकेने तो १३२ वर्षं सोडला नव्हता. अमेरिकेतल्या न्यूपोर्टजवळ 'ऑस्ट्रेलिया २' ही ऑस्ट्रेलियाची होडी आधी ३-१ अशी मागे होती, मग ३-३. सातव्या, निर्णायक शर्यतीतही ती जवळपास मिनिटभर मागे पडली आणि शेवटून दुसऱ्या, पाठवाऱ्याच्या टप्प्यात डेनिस कॉनरच्या 'लिबर्टी' या अमेरिकी होडीला गाठून ४१ सेकंदांनी जिंकली. 'ऑस्ट्रेलिया २'च्या पंखवाल्या कीलची (होडीच्या तळाखालच्या पात्याची) चर्चा फार होते, पण मला तो शेवटून दुसरा टप्पाच जास्त भारी वाटतो.

काठावरून मात्र हे काही कळत नाही, ही तक्रार मान्य. एकदा होडीत बसून बघा.