मँचेस्टर युनायटेडचा आजवरचा सर्वोत्तम गोलकीपर कोण: श्मायकेल, व्हान डर सार की डे हेया?

माझं उत्तर पीटर श्मायकेल. पण वेगवेगळ्या काळातले कीपर तोलताना आधी नियम बघा. 1992 पर्यंत सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू कीपरला हातात घेता यायचा. म्हणून त्याआधीच्या काळातला युनायटेडचा कीपर ॲलेक्स स्टेपनी याला आजच्या पायाच्या खेळावरून जोखणं अन्यायाचं आहे. 1968 च्या युरोपियन कप फायनलमध्ये 1-1 असताना बेनफिकाच्या युसेबियोचा फटका त्याने छातीशी घेतला, त्यातच त्याची योग्यता दिसते.

श्मायकेल अंगावर धावून यायचा, हातपाय फैलावून गोल झाकायचा आणि लांब थ्रो करून तिथूनच हल्ला सुरू करायचा. 1999 च्या चॅम्पियन्स लीग फायनलला कर्णधारही तोच. डे हेयाच्या नावावर क्लबच्या सर्वाधिक क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) आहेत, पायाने अडवण्यात तर तो अफाटच. पण क्रॉसला, म्हणजे बाजूने गोलसमोर येणाऱ्या चेंडूला, पुढे येत नसे, हे मला खटकतं.

मात्र इथे सोलापुरात, दगडासारख्या टणक मैदानावर कीपिंग शिकणाऱ्या पोरांना मी व्हान डर सार बघायला सांगतो. जागा इतकी अचूक धरायचा की झेप घ्यायची वेळच कमी यायची. 2008-09 मध्ये लीगमध्ये सलग 1311 मिनिटं त्याच्यावर गोल झाला नाही!