अंग अजून घाटातच उभं आहे

*«मावशी, दोन वर्षांपूर्वी मुंबईहून नाशकात परतताना कसारा घाटात ट्रकने आमच्या गाडीला धडक दिली. माझं मनगट मोडलं. शेजारी बसलेली मावसबहीण गेली. मनगट जुळलं, पण अजून कुठे करकचून ब्रेक लागला की खांदे कानांपर्यंत चढतात, दातखीळ बसते, श्वास वरच्या वर राहतो. समुपदेशनाला गेले. पहिल्याच दिवशी सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं, पुढचे चार दिवस झोप नाही. परत गेले नाही. पुण्याची मैत्रीण म्हणते, घोड्यांच्या सोबतीने उपचार करतात, तिथे जा. सासूबाई म्हणतात, अंगात आल्यासारखं काय करतेस, आणि घोडी काय बरी करणार? मी खरंच नाटक करतेय का?» – एक वाचक, पंचवटी*

मावशी म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते. नाही गं, नाटक नाही. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, धसका. आपण म्हणतो, «तिने धसका घेतला». डोक्याने नाही, अंगाने घेतला.

धोका दिसला की शरीर क्षणात तयार होतं. ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, पळायला किंवा झुंजायला स्नायू ताठ होतात. तू मात्र सीटबेल्टमध्ये होतीस. पळायला जागा नव्हती आणि लढायला समोर कुणी नव्हतं. ती सगळी तयारी जणू अंगातच राहिली. म्हणून द्वारका चौकात रिक्षाने ब्रेक मारला तरी तुझ्या खांद्यांना तो कसाऱ्यातलाच वाटतो. घाट संपलाय हे तुला माहीत आहे, तुझ्या अंगाला अजून कळलेलं नाही.

शरीरापासून सुरुवात करणारे उपचार इथेच हात घालतात. पीटर लेव्हिन या अमेरिकी मानसोपचार अभ्यासकाने मांडलेली सोमॅटिक एक्सपिरियन्सिंग ही त्यातली एक पद्धत. तिच्यात सगळी हकिगत एका दमात सांगायची नसते. आठवणीच्या कडेला चिमूटभर जायचं, खांद्यात, पोटात काय होतंय ते बघायचं आणि लगेच सुरक्षित वाटणाऱ्या गोष्टीकडे परतायचं. पुन्हा थोडं, पुन्हा परत. तुझ्याकडून पहिल्याच दिवशी अख्खा घाट चढवून घेतला, तिथे चुकलं. अशी घाई झाली की माणूस उपचारांनाच घाबरतो, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

आता घोड्यांचं. मागच्या लग्नसराईत गंगापूर रोडला एका वरातीपाशी थांबले होते. डीजे दणाणत होता, त्यात फटाक्यांची माळ लागली. नवरदेवाची घोडी जागच्या जागी थिजली. कान मागे, डोळ्यांचं पांढरं दिसायला लागलं, पाठीवरची कातडी सरसर हलत होती. मोतद्दार ओरडला नाही, लगामही हिसकला नाही. नवरदेवाला उतरवलं, घोडीला रस्त्याच्या कडेला नेलं आणि मानेवर तळहात ठेवून नुसता उभा राहिला. बऱ्याच वेळाने तिने लांब फुस्कारा सोडला, मान खाली आली, तोंडात काही नसताना चघळल्यासारखे जबडे हलले. अंग झाडलं आणि चालू लागली. तुझं पत्र वाचताना मला तीच आठवली.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. जवळ येणारा माणूस आखडलाय की सैल आहे, हे टिपण्यावर त्याचा जीव चालत आलाय. तू ओठांवर हसू आणून, आतून मूठ आवळून त्याच्याकडे गेलीस तर बहुधा तो कान वळवेल किंवा दोन पावलं मागे सरेल. तू श्वास सोडलास की कदाचित पुन्हा जवळ येईल. त्यात त्याचा काही निवाडा नसतो, म्हणून लाजही वाटत नाही. या उपचारांत बहुतेक वेळा घोड्यावर बसवतही नाहीत. लांब उभं राहायचं, खांद्याच्या बाजूने सावकाश जायचं, खरारा करायचा, दोरी धरून सोबत चालायचं. शेजारी उभा असलेला उपचारक विचारतो, आत्ता छातीत काय जाणवतंय?

पण सासूबाईंचा प्रश्न खोटा नाही, त्याचं उत्तर द्यायला हवं. एकटा घोडा बरं करत नाही. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने 63 माजी सैनिकांवर 8 आठवडे असा प्रयोग केला. त्यांचा त्रास कमी झाला, पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे घोड्यामुळेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. याउलट, आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी बोलण्याची पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या जोडीने आठवण हाताळण्याची पद्धत) या उपचारांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच केली आहे. म्हणून माझं मत असं, की घोडा सोबतीला घे, पण आधी माणूस नीट निवड. भारतीय पुनर्वास परिषदेत नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला भेट आणि पहिल्याच वाक्यात सांग, «मला सगळं एकदम सांगायला लावू नका, मागच्या वेळी त्रास झाला.» चांगला उपचारक हे ऐकून तुझ्या चालीने चालेल.

मैत्रिणीने सुचवलेल्या जागी फोन करून विचार, तिथे मानसोपचाराचं शिक्षण कुणाचं झालंय? नुसती घोडेस्वारी शिकवणारे असतील तर तो छंद झाला, उपचार नव्हे. घोड्यांना विश्रांती मिळते का, हेही विचार. थकलेलं जनावर तुला काय शांत करणार! आणि कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर तिथून सरळ घरी ये.

तोवर घरी इतकंच कर. खांदे चढले की दोन्ही तळवे भिंतीला लावून ती ढकल, अगदी जोर लावून. अडकलेल्या बळाला वाट मिळू दे. मग पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या वस्तू एकेक बघ, आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. रात्री-बेरात्री जीव फारच घाबरला, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, फोन 24 तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्याही घाबरल्यात, सून हातची जाईल म्हणून. त्यांना एकच काम सांग: अंग आखडलं की बोलायचं काही नाही, नुसता पाठीवर हात ठेवायचा. त्या मोतद्दारासारखा.

आणि मावसबहिणीसाठी तू अजून मोकळेपणाने रडली नसशील असं मला पत्रातून वाटलं. तिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. तिचं नावही नाही. ते नाव उच्चारायला वेळ लागू दे.

घाटाची घाई नको. उपचारकाशी बोलून, जमेल तेव्हा, यजमानांसोबत आधी फक्त विल्होळीपर्यंत जा. हात वर केलास की गाडी वळवायची, का ते विचारायचं नाही, हे निघायच्या आधीच ठरवा. मग कधीतरी घोटी, मग इगतपुरी. विल्होळीहून परत आलात की मला दोन ओळी लिही. वळून आलात तरी लिही.

– तुझी मावशी